हेड नसलेला पैसा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये रिलीज होता, मग दिवाळी आली, आणि दिवाळीत गावी गेलो तो एक प्रकरण डोक्यात घेऊनच परत आलो. लिहून काढल्याशिवाय ते जाणार नाही, म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय. लेख लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. आमच्या कंपनीत सीएसआरची एक कर्मचारी समिती आहे. तीन वर्षांपूर्वी मी हौसेने तिच्यात नाव दिलं. काम सोपं: संस्थांचे अर्ज येतात, त्यांना एक्सेलमध्ये गुण द्यायचे. मी अमळनेरचा, त्यामुळे धुळे-जळगावकडचे अर्ज आपोआप माझ्या माथी. त्यात एकदा साक्री तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचा अर्ज आला. दिवाळीनंतर तिकडची पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, सुरत-बारडोलीच्या बाजूला. आईबाप निघाले की पोरंही निघतात आणि शाळा सुटते. ही संस्था हंगामापुरती पोरं गावातच ठेवून घ्यायची. दोन भाड्याच्या खोल्या, दोन कार्यकर्ते, पोरांना दोन वेळचं जेवण आणि सकाळी शाळेत पाठवणं. अर्ज एका पानाचा. कार्यकर्त्यांचं मानधन, खोलीभाडं, किराणा, गॅस, मोटरसायकलचं पेट्रोल. संपला अर्ज.

मी शंभरपैकी एकेचाळीस गुण दिले. शेरा: 'पगार आणि ओव्हरहेड फार.' वर आपल्याकडचीच माणसं म्हणून त्यांना फोन करून फुकटचा सल्लाही दिला, की काहीतरी प्रोजेक्ट दाखवा, डिजिटल वगैरे. त्यांनी दाखवला. वीस टॅबलेट, चार्जिंगचं कपाट, उद्घाटन. एका मीटिंगमध्ये मंजूर! फोटो आमच्या इंट्रानेटवर झळकले, खाली माझं नाव.

या दिवाळीत भाऊबीज उरकल्यावर मोटरसायकल काढली आणि धुळ्यावरून साक्रीकडे गेलो. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी आधी "तू कोना पोऱ्या?" अशी चौकशी केली आणि मग आत बोलावलं. संस्थेचे तात्या आले. कपाट उघडलं. वीसच्या वीस टॅबलेट प्लास्टिकसकट नीट रचलेले. खोल्या मात्र रिकाम्या. दोनपैकी एक कार्यकर्ता सुरतेला कामाला गेला, दुसरा धुळ्याला एका दुकानात. मानधन थकलं म्हणून. वसतिगृह मागच्या हंगामातच बंद पडलं होतं. पोरं? "गेली ना फडावर," तात्या म्हणाले. आवाजात तक्रार अजिबात नाही. "टॅबलेट चांगले आहेत साहेब. चालवायला माणूस नाही."

परतताना धुळ्यात शेवभाजी खायला थांबलो. ती घशाखाली नीट उतरली नाही, आणि धुळ्याची शेवभाजी न उतरणं म्हणजे खानदेशी माणसाच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे. तिथे बसल्या बसल्या एक प्रश्न पडला. आमच्या या भागात शंभर-शंभर वर्षं टिकलेल्या संस्था आहेत. त्यांना कोणी, कशासाठी आणि कोणत्या हेडखाली पैसे दिले असतील? ('हेड' म्हणजे खात्याचा तो रकाना. ज्याने ऑफिसात एकदा तरी टॅक्सीचं बिल लावलंय त्याला जास्त सांगायला नको.)

सुरुवात धुळ्यापासूनच करू. १८९३ साली शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात एक सभा काढली. नाव: सत्कार्योत्तेजक सभा. नाव पुन्हा एकदा वाचा. सत्कार्याला उत्तेजन देणारी सभा. कोणतं सत्कार्य, ते नावात नाहीच! आजच्या फॉर्ममध्ये हे नाव टाकलं तर 'थीमॅटिक एरिया' या लाल चांदणीवाल्या रकान्यापाशीच गाडी अडेल. पण याच सभेच्या छत्राखाली देवांनी पुढे आयुष्य घातलं ते रामदासी वाङ्मयात. मठामठांतून फिरून हस्तलिखितं गोळा केली, डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत छापून लोकांपुढे आणली. ती हस्तलिखितं ठेवायला धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. १८९३ साली कोणी देवांना पाच वर्षांचा लॉगफ्रेम मागितला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं कोण जाणे. काम करता करता काम सापडत गेलं.

दुसरं उदाहरण त्याच गावातलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढणारा माणूस. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्यांतलाही. पायी हिंडावं, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं उतरवावीत, मिळेल ते खावं आणि लिहावं. नोकरी नाही, घरसंसार नाही. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले. मागे काय? कागद. ढिगाने कागद. व्यवहारी हिशेबाने बघितलं तर माणूस संपला की प्रोजेक्ट संपला. पण धुळेकरांनी लगेच १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ काढलं आणि तो ढीग सांभाळायला घेतला. आता कागद सांभाळायचे म्हणजे काय करायचं? खोली पाहिजे, कपाटं पाहिजेत, वाळवी लागू नये म्हणून कोणीतरी रोज येऊन कुलूप उघडायला पाहिजे. सगळंच्या सगळं ओव्हरहेड! टॅबलेटसारखं उद्घाटनाच्या फोटोत दाखवता येईल असं त्यात काहीच नाही. मंडळ मात्र आज जवळपास शंभर वर्षांचं झालंय.

आता माझं गाव. अमळनेरबद्दल लिहिताना मी थोडा वाहवत जातो, आधीच सांगून ठेवतो.

अमळनेरला प्रताप मिल होती, १९०६ च्या सुमारास उभी राहिलेली. मालक श्रीमंत मोतीलाल माणेकचंद, म्हणजे प्रताप शेठ. या गिरणीवाल्या गृहस्थांना १९१६ साली काय सुचावं? तत्त्वज्ञान मंदिर. इंग्रजीत त्याचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी. कापसाच्या गावात, भुसावळ-सुरत लाइनवरच्या एका स्टेशनाशेजारी, देशभरातून तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणून ठेवायचे, त्यांची राहण्याची सोय करायची, वर विद्यावेतन द्यायचं. आणि त्यांनी करायचं काय? तर विचार.

मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण त्यातली गंमत आता कळते. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे बंगालमधलं मोठं नाव, ते १९३३ ते १९३५ या काळात इथे संचालक होते. घ. रा. मलकानी वर्षानुवर्षं इथेच राहिले. टी. आर. व्ही. मूर्ती, ज्यांचं माध्यमिक बौद्ध तत्त्वज्ञानावरचं पुस्तक पुढे १९५५ साली जगभर गाजलं, ते तरुणपणी अमळनेरला होते. मलकानी, मूर्ती आणि रासविहारी दास या तिघांनी मिळून १९३३ साली एक पुस्तक लिहिलं. विषय: अज्ञान. गिरणीच्या पैशाने तीन विद्वान बसवले आणि डिलिव्हरेबल काय आलं, तर अज्ञान :-)  (अद्वैतातली ती गंभीर संकल्पना आहे, कोणी रागावू नका.)

पण माझ्यासाठी खरं उदाहरण साने गुरुजींचं आहे. पांडुरंग सदाशिव साने हे एम.ए. होऊन शिकायला आले ते याच तत्त्वज्ञान मंदिरात. फार काळ रमले नाहीत. १७ जून १९२४ ला गावातल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले. छात्रालयात पोरांबरोबर राहिले, त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढलं, आणि १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले.

आता प्रताप शेठांच्या जागी माझ्यासारखा एक्सेलवाला बसवा. 'उमेदवार सानेः तत्त्वज्ञानविषयक निबंध शून्य. मध्येच सोडून गेला. निधी वाया.' लाल रंग. पण गावाला जे मिळालं ते भलत्याच हेडखाली मिळालं. त्या शाळेत शिकलेले म्हातारे मी लहानपणी बघितलेत. गुरुजींचं नाव निघालं की ते गप्प व्हायचे. हा परिणाम कोणत्या रकान्यात भरणार?

अर्थात प्रताप शेठांच्या पद्धतीत एक मोठी खोट होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सगळा पैसा एका माणसाचा, एका गिरणीचा. गिरणीचे दिवस भरले तशी विचारवंतांची वर्दळ ओसरली, तत्त्वज्ञानाचं ते त्रैमासिकही थांबलं. वास्तू राहिली. लवचिक पैसा चांगला खरा, पण तो एकाच नळाने येत असेल तर नळ बंद झाला की संपलं.

याच कोड्यावर अमेरिकेत साधारण त्याच काळात एका बँकवाल्याने उत्तर शोधलं होतं. क्लीव्हलंडचा फ्रेडरिक गॉफ. त्याच्या बँकेकडे मेलेल्या श्रीमंतांची मृत्युपत्रं आणि त्यांचे ट्रस्ट असायचे. एखाद्याने लिहून ठेवलेलं असायचं, की माझा पैसा फक्त अमुक कामासाठी. ते काम पन्नास वर्षांत कालबाह्य व्हायचं, पण पैसा तिथेच अडकून पडायचा. मेलेल्या माणसाचा हात जिवंत गावाच्या मानगुटीवर. गॉफने १९१४ साली क्लीव्हलंड फाउंडेशन काढलं. अनेकांचे पैसे एका कुंडात टाकायचे, आणि गावाची आजची गरज काय ते दरवर्षी गावातल्याच माणसांच्या समितीने ठरवायचं. कम्युनिटी फाउंडेशन नावाची चीज इथून सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत त्या धर्तीवर १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट आला. अमळनेर, साक्रीपर्यंत ही कल्पना त्या नावाने पोचलेली नाही.

इथे थोडं विषयांतर. अमळनेरबद्दल आयटीवाल्यांना एकच गोष्ट माहीत असते, ती म्हणजे विप्रो. १९४५ साली एम. एच. हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. गावातल्या सामान्य लोकांनी तेव्हा शेअर घेतले, आणि ज्यांनी ते विकले नाहीत ते पुढे कोट्यधीश झाले. आमच्या आजोबांकडेही होते. आत्याच्या लग्नात विकले. हा विषय आमच्या घरी जेवताना काढायचा नसतो. असो. मला आता वाटतं ते वेगळंच. प्रत्येक घराने आपले शेअर आपल्या कपाटात ठेवले. दहातला एक शेअर जरी गावाच्या नावे एका पेटीत पडला असता तर त्या पेटीतून आज काय काय चाललं असतं! गॉफसारखा एखादा कारकून आमच्या गावात निघायला हवा होता.

आता लवचिक पैशाचं एक अलीकडचं उदाहरण, धुळे जिल्ह्यातल्याच शिरपूरचं. सुरेश खानापूरकर हे भूजल खात्यातले भूवैज्ञानिक, २००४ च्या सुमारास निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं असं, की तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वर पिवळ्या मातीचे जाड थर आहेत, पाणी त्यातून खाली झिरपतच नाही. मग नाला चांगला रुंद आणि चांगला खोल खोदा, थर फोडा, मध्ये बिनदरवाज्याचे, बिनसांडव्याचे बंधारे घाला, पावसाचं पाणी तिथेच थांबेल आणि मुरेल. सरकारी योजनेत नाला किती खोदायचा याला नियमाची मर्यादा असते. 'आधी दहा मीटर खोदून बघू, मग सांगतो' असं सरकारी अंदाजपत्रकात लिहिता येत नाही. शिरपूरला ते जमलं, कारण सुरुवातीचा पैसा आमदार अमरीशभाई पटेलांच्या पाठबळाने स्थानिक सहकारी सूतगिरणीतून आला. पुढे हाच 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला. त्यावर तज्ज्ञांचे आक्षेपही आहेत. एवढं खोल खोदणं सगळीकडे चालणार नाही, खडक बघून ठरवलं पाहिजे, वगैरे. मला ते आक्षेप रास्त वाटतात. पण प्रयोग झाला म्हणून आक्षेप तरी घेता आले. आणि हेही मान्य करतो की इथेसुद्धा नळ एकाच वजनदार माणसाच्या हातात होता. त्यांच्या मनात आलं नसतं तर?

मग सामान्य माणसांनी मिळून केलेलं असं काही नाही का? आहे, आणि ते थेट माझ्या एकेचाळीस गुणांच्या तोंडात मारणारं आहे.

ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पैसा उभारण्यासाठी काय केलं? अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' बसवलं. लागू, निळूभाऊ, तनुजा, रोहिणी हट्टंगडी, सदाशिव अमरापूरकर, सुधीर जोशी असा संच महाराष्ट्रभर फिरला, लोकांनी तिकिटं काढून नाटक बघितलं, पोट धरून हसले, आणि त्या हसण्यातून निधी जमला. या निधीचं व्याज जायचं कुठे? पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनात. शाळेला नाही, इमारतीला नाही, यंत्राला नाही. जो माणूस खेड्यात राहून काम करतो त्याच्या घरी पीठमीठ जावं म्हणून. म्हणजे मी ज्या ओळीवर लाल रंग मारला, नेमकी तीच ओळ या लोकांनी निवडली होती.

त्यांना हे का सुचलं असेल? कारण ते चळवळीतले होते. काम कशाने बंद पडतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. आमच्याच बाजूचं शहादा घ्या. तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासींचा जमिनीचा लढा उभा राहिला, १९७२ साली श्रमिक संघटना झाली. शहरांतून शिकलेली पोरं तिथे जाऊन राहिली. त्यातले एक कुमार शिराळकर, आयआयटी मुंबईचे इंजिनिअर. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते गेले, तोवर जवळजवळ पन्नास वर्षं तेच काम. इंजिनिअर असलेल्या माझ्यासारख्याने ही गोष्ट दोनदा वाचावी अशी आहे. सावकाराच्या घशातून गेलेली जमीन सोडवायला काय लागतं? सातबारा काढायला तालुक्याला जाण्याचं बसभाडं, तारखेला कोर्टात दिवसभर बसणारा माणूस, आणि तोच माणूस पुढच्या वर्षीही असणं. त्यांच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, हे 'पुढच्या वर्षीही असणं' हीच खेड्यातली सगळ्यात दुर्मिळ वस्तू आहे.

आता थोडं कायद्याचं, कारण परत आल्यावर मी ते नीट वाचलं आणि लाज वाटली. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. त्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे मला पाठ होतं, आणि त्याच जोरावर मी तात्यांच्या अर्जावर शेरा मारला होता. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे! प्रत्यक्ष काम राबवायला जो खर्च येतो तो त्यात धरतच नाहीत, असं २०२१ च्या सुधारित नियमांत सरळ लिहिलंय. वसतिगृह चालवणाऱ्या माणसाचा पगार म्हणजे ते कामच. मी नियम न वाचता नियमाचा धाक दाखवला. दोन पोरांच्या नोकऱ्या आणि एक वसतिगृह त्यात गेलं.

छोट्या संस्थांचे दुसरे मार्गही अरुंद झालेत. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. आधी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन तालुक्यातल्या छोट्या संस्थांना वाटून देऊ शकायची, ते पूर्ण बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. गैरप्रकार थांबवायला हे केलं असं सरकार म्हणतं, आणि गैरप्रकार नव्हतेच असं कोणी म्हणू नये. पण साक्रीतल्या दोन खोल्यांच्या संस्थेला परदेशी पैसा थेट कोण देणार? तो पोचायचा तर असाच वाटपातून.

मी डिसेंबरात पुन्हा तात्यांकडे गेलो. विचारलं, वसतिगृह पुन्हा सुरू करायचं तर वर्षाला किती लागतील? त्यांनी कालनिर्णयचं नोव्हेंबरचं पान फाडलं आणि पाठीमागे लिहायला घेतलं. मानधन, भाडं, किराणा, गॅस, पेट्रोल. तोच जुना अर्ज, त्याच क्रमाने. मग पेन थांबलं. "साहेब, यात प्रोजेक्ट काय लिहू?"

म्हटलं, काही लिहू नका.

आम्ही कॉलेजचे सात जण आहोत, दरमहा जमेल तेवढे टाकायचे ठरलंय. कोणी दोन हजार, कोणी पाचशे. एकाने विचारलं ८०जी ची पावती मिळेल का, दुसऱ्याने विचारलं रिपोर्ट कधी येणार. सवय आहे, जायला वेळ लागेल. माझीही गेली नाही. काल रात्री मी या पैशांची एक्सेल शीट बनवायला घेतली आणि पहिलाच कॉलम टाइप केला: हेड. सुरतेच्या पोराला तात्यांनी फोन केलाय. तो म्हणतो, एका हंगामासाठी नाही येणार, तीन वर्षांचं सांगा. आमच्या सात जणांत यावर अजून एकमत नाही. दोघांची घरं व्हायची आहेत, एकाचं ऑनसाइट पक्कं होतंय. उद्या रविवारी सगळे भेटतोय, कोथरूडला, माझ्याच फ्लॅटवर. वांगी जळगावहून आलीत, भरीत मी करतोय.